गॅस कुणाच्या नावावर

"वैजयंती!"

खालून हाक आली तेव्हा मी स्वयंपाकघरात थर्मास विसळत होतो. रात्रभर दवाखान्यात बसून सकाळी आंघोळीपुरता घरी आलो होतो. चहा भरून परत जायचं होतं. हाक सुकदेवची, म्हणजे आमच्या गॅसवाल्याची. इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे सिलिंडर खांद्यावर घ्यायच्या आधी घरात माणूस आहे की नाही याची तो खालूनच खात्री करून घेतो. कनेक्शन माझ्या बायकोच्या नावावर. आडनाव क्षेमकल्याणी. ते जिन्याखालून ओरडण्यासारखं नाही, म्हणून तो नुसतं नाव ओरडतो.

मी गॅलरीतून हात दाखवला. तेवढ्यात फोन वाजला. केतकीचा होता. केतकी ही बायकोच्या धाकट्या बहिणीची मुलगी. मी येईपर्यंत दवाखान्यात तीच थांबली होती.

"काका, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"स्वयंपाकघरात."

"तसं नाही. मनाने कुठे आहात?"

"केतकी, डॉक्टर काय म्हणाले?"

"काका, आत्ता या क्षणी तुमच्याजवळ आधाराला काय आहे?"

"ओटा आहे," मी म्हटलं. "ती गेली का?"

मग केतकी जे शिकली होती ते सगळं विसरली आणि रडायला लागली. "हो काका. आत्ताच."

दारात सिलिंडर टेकवल्याचा आवाज झाला. सुकदेव घाम पुसत उभा होता. "ताई नाहीत का? मोबाइलवर कोड आला असंल बघा."

तिचा मोबाइल माझ्याच खिशात होता. अतिदक्षता विभागात नेताना नर्सने काढून दिला होता. मी कोड वाचून दाखवला. त्याने तो त्याच्या मशीनमध्ये घातला आणि रिकामं सिलिंडर उचललं.

"ताईंनी वॉशर मागितलं होतं मागच्या टायमाला. आणलंय म्हणून सांगा."

"सांगतो," मी म्हटलं.

केतकीच्या त्या फोनचा मला राग आला नाही. ती तेव्हा कोच व्हायला शिकत होती. अंबडच्या कंपनीतली एच.आर.ची चांगली नोकरी सोडून तिने हे धरलं होतं. "कोच म्हणजे कबड्डीची का?" असं मी विचारलं तेव्हा माझी बायको म्हणाली होती, "कबड्डीची नाही हो, माणसांची."

"माणसांना ही काय शिकवणार?"

"शिकवायचं नसतं. विचारायचं असतं."

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. आमच्याकडे पोराने कानस उलटी धरली तर मी म्हणायचो, कानस उलटी धरलीस. केतकीच्या विद्येत असं म्हणायला बंदी होती. तिथे विचारायचं, या कानशीबरोबर तुला कसं वाटतंय. सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही, स्वतःचं काही सांगायचं नाही. वाईट बातमीही आपण सांगायची नाही, समोरच्याने स्वतः तिथे पोहोचायचं. मला पोहोचायला वेळ लागला नाही.

"मग माणूस तुझ्याकडे येईल कशाला?" मी तिला विचारलं होतं.

"काका, उत्तर त्याच्याच आत असतं."

"मग तो घरीच बसेल."

यावर तिची मावशी मला म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." ती केतकीची पहिली क्लायंट होती. सरावासाठी कोणीतरी लागायचं, आणि केतकीला एवढा वेळ कोण देणार? दर बुधवारी दोघी आतल्या खोलीत दार लावून बसायच्या. केतकी एक प्रश्न विचारायची आणि मावशी तासभर बोलायची. बाहेर मी पेपर वाचत बसायचो. ती गेल्यावर एकदा मी केतकीला विचारलं, "काय बोलायची गं ती?"

"नाही सांगता येत काका. गोपनीय असतं ते."

"ती आता नाही."

"तरी," केतकी म्हणाली.

दहाव्याच्या आधी तिच्याबरोबरचे सगळे कोच भेटायला आले. सुती, फिकट कपडे घालून सतरंजीवर ओळीने बसले. एका बाईंनी विचारलं, "या पोकळीला रंग असता, तर तो कोणता असता?" मी भिंतीकडे बघून "क्रीम" म्हटलं. त्या बराच वेळ मान हलवत राहिल्या. दुसऱ्या एकाने विचारलं, "या प्रवासात तुम्ही स्वतःला कसं भेटताय?" मी म्हटलं, "आरशात, दाढी करताना." तोही मान हलवत राहिला. शेजारच्या लोखंडेबाईंनी काहीच विचारलं नाही. खिचडीचं पातेलं ठेवून गेल्या. त्या कोच नव्हत्या.

मला सांगायचंय ते यानंतरचं. दिवाळी तोंडावर आली होती. एका संध्याकाळी केतकी आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "काका, तुम्ही माझे क्लायंट व्हाल?"

तिची अडचण अशी होती. नोकरी सोडताना नवऱ्याशी बोलणं झालं होतं की दिवाळीपर्यंत सर्टिफिकेट मिळालं तर ठीक, नाहीतर परत अंबडला. सर्टिफिकेट मिळायचं तर तिच्या मेंटर कोचने तिला पास करायला हवं होतं. मेंटर कोच म्हणजे कोचला सुधारणारा कोच. कोच काम करताना तो शेजारी बसून ऐकतो आणि मग कुठे चुकलं ते सांगतो, म्हणजे तोही सांगत नाही, विचारतो. त्या मेंटरलाही एक मेंटर असतो आणि त्यालाही एक. सगळ्यांच्या वर शेवटी कोण असतं असं मी विचारलं तर केतकी म्हणाली, "छान प्रश्न आहे काका."

तिचे मेंटर धारप सर पुण्याचे. त्यांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं. पहिल्यांदा एका बाईच्या छातीत दुखत होतं आणि केतकीने तिला डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. सर म्हणाले, तू उत्तर दिलंस. दुसऱ्यांदा एक गृहस्थ बोलता बोलता रडायला लागले आणि केतकीने उठून त्यांना पाणी दिलं. सर म्हणाले, तू त्यांच्या रडण्यात आलीस. आता सर दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकमध्ये असणार होते आणि ठरलेल्या क्लायंटने ऐनवेळी नाही म्हणून कळवलं होतं.

"काय करायचं असतं मला?"

"बसायचं आणि खरं बोलायचं. तुमचं जे काही अडलंय त्याच्यावर."

काय अडलंय याचा मी विचार केला. आमचा मंदार बेंगळुरूला असतो. दर रविवारी फोनवर म्हणायचा, "बाबा, गॅस तुमच्या नावावर करून घ्या. पुढे भानगड होईल." मी दर रविवारी बघतो म्हणायचो.

"गॅसचं नाव बदलायचं राहिलंय," मी म्हटलं.

केतकीचा चेहरा पडला. "आणखी काही खोल नाही का?"

"खोल म्हटलं तर बाथरूमचा नळ आहे."

"गॅसच घेऊया," ती म्हणाली.

धारप सर दुसऱ्या दिवशी आले. पांढरा झब्बा, पायात कोल्हापुरी, आवाज इतका हळू की सुरुवातीला मला वाटलं त्यांना घशाचं काही आहे. मी पंखा बंद केला. ते म्हणाले, "माझ्याकडे लक्ष देऊ नका. मी इथे असेन आणि नसेनही."

"मग चहा कितीचा टाकू?"

"चहा घेईन," ते म्हणाले.

केतकी माझ्यासमोर बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. मला काका म्हणायचं की आणखी काही हे ठरवताना तिची थोडी ओढाताण झाली.

"काका, आजच्या या वेळातून तुम्हाला काय घेऊन जायला आवडेल?"

"मी कुठे जाणार? घर माझंच आहे."

"म्हणजे आज आपण कशावर बोलूया?"

"गॅसवर. कनेक्शन तुझ्या मावशीच्या नावावर आहे, ते माझ्या नावावर करायचंय."

"ते झालं तर तुमच्यासाठी काय बदलेल?"

"गॅस माझ्या नावावर होईल."

"आणि त्याने?"

"मंदार फोनवर दुसरं काहीतरी बोलेल."

सरांनी पेन वर केलं. "थांबूया. केतकी, तू आत्ता कुठे होतीस?"

"मी... परिणामाच्या मागे होते, सर."

"आणि क्लायंट कुठे होता?"

"मी इथेच होतो," मी म्हटलं. "तुमचं बोलणं होईपर्यंत आत जाऊ का?"

"नाही, नाही. तुम्ही असा. तुम्हीही यात आहात." मग ते माझ्याकडे वळले. "विचारू? हे न झालेलं काम तुमच्या शरीरात कुठे आहे?"

मी जरा चाचपून बघितलं. "गुडघ्यात."

"हं. आणि गुडघे काय सांगतायत?"

"जिने चढू नका म्हणतायत."

सरांनी ते लिहून घेतलं. केतकीने डोळे मिटले. तिच्या मावशीचीही ती सवय होती, माझ्याबरोबर कोणाकडे गेली की.

पुन्हा सुरू झालं. केतकीने विचारलं की यापूर्वी मी असं एखादं अडलेलं काम कसं पूर्ण केलं होतं. मी म्हटलं, जाऊन केलं होतं. तिने विचारलं, या वेळी मला काय थांबवतंय. मी म्हटलं, काही नाही. एजन्सी कॉलेज रोडला आहे, कागद तयार आहेत, रिक्षा मिळते. मग तिने विचारलं, हे काम एखादी व्यक्ती असतं तर मी तिला काय म्हटलं असतं. मी म्हटलं, बसा. पंखा बंद असल्याने गरम व्हायला लागलं. केतकीच्या कपाळावर घाम आला आणि एकदम ती म्हणाली, "काका, कागद द्या ना माझ्याकडे. उद्या मी जाते आणि करून आणते."

बोलली आणि तिचं तिलाच कळलं. ती सरांकडे बघायलाही तयार नव्हती.

सर म्हणाले, "केतकी, तू आत्ता त्यांच्या हातातून काय काढून घेतलंस?"

"त्यांची ताकद, सर."

"कागद," मी म्हटलं. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

सरांनी चहासाठी थांबूया म्हटलं. मी आत गेलो, मागून केतकी आली. तिने सवयीने आलं घेतलं आणि किसायला लागली.

"काका, तुम्ही उत्तरं जरा नीट द्या ना हो."

"नीटच देतोय. तू म्हणालीस खरं बोला."

"खरं, पण एवढंसं नको. एक क्षण यावा लागतो. क्लायंट म्हणतो, अरे, हे मला आत्ता कळलं. तो चेहरा बघून सर पास करतात. आणि मग क्लायंटने सांगायचं असतं, मी अमुक दिवशी अमुक करणार."

"आणि तसं नाही झालं तर?"

"लक्ष्मीपूजन झालं की अंबड." तिने किसणी जोरात आपटली. "सासूबाईंनी माझा डबासुद्धा काढून ठेवलाय घासून."

मी गॅस लावला. आमच्या आयटीआयला प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरचा परीक्षक यायचा. तो पोरांचं काम तपासायचा आणि आम्ही निदेशक हात मागे बांधून उभे राहायचो. बोलायला परवानगी नसायची. पोरगा आपल्याकडे बघतोय हे समजायचं.

"तुझ्या मावशीला हे जमायचं का? क्षण वगैरे?"

"मावशीचे तर दर बुधवारी दोन-तीन व्हायचे," केतकी म्हणाली आणि हसली. मग हसायची थांबली. चहा उतू जाईपर्यंत ती गॅसकडेच बघत होती.

चहा झाला. सर म्हणाले चहा उत्तम आहे, आणि पुन्हा नाहीसे झाले. केतकी माझ्यासमोर येऊन बसली, पण या वेळी पाठ ताठ नव्हती. घरी बसते तशी एक पाय वर घेऊन बसली.

"काका," ती म्हणाली, "या घरात मावशीला नावाने हाक कोण मारायचं?"

मी काही बोललो नाही.

ती पण काही बोलली नाही. सरांचं पेन हललं नाही. शांततेला त्यांच्यात फार मान आहे.

घरात तिला नावाने कोणीच हाक मारायचं नाही. मंदार आई म्हणायचा, केतकी मावशी म्हणायची, शेजारचे वहिनी म्हणायचे. मी 'अगं' म्हणायचो. आमच्या वेळी तसंच होतं. ते नाव मीच ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं. तिचं माहेरचं नाव वेगळं होतं. लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि पुढे त्या नावाने हाक मारायचं काम सुकदेवकडे गेलं. खालून हाक आली की ती तव्यावरची पोळी तशीच टाकून गॅलरीत जायची. "आले रे!" म्हणायची. पोळी करपायची. मी एकदा म्हटलं, त्याला सांग ताई म्हणायला, असं काय नुसतं नाव घेतो. तर म्हणाली, "राहू दे. कोणीतरी वापरतंय."

ती गेल्यावरही तो तसाच ओरडत होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. सिलिंडर संपत आलं की मी आपला नंबर लावायचो आणि दुपारी गॅलरीचं दार उघडं ठेवायचो. नाव बदललं की तो खालून नरहर म्हणून ओरडणार.

मी केतकीकडे बघितलं. तिला हे माहीत होतं. कुठून माहीत होतं ते गोपनीय.

खरं उत्तर एवढंच होतं की मला नाव बदलायचं नाही. पण ते दिलं असतं तर क्षण आला नसता, वार ठरला नसता, आणि केतकीचा डबा भरला गेला असता. ती माझ्याकडे बघत होती. या वेळी मला बोलायची परवानगी होती.

"मला आत्ता एक गोष्ट कळली," मी म्हटलं.

सर पुढे झुकले.

"काय कळलं काका?" केतकीने अगदी हळू विचारलं. तिला ते नको होतं, हे दिसत होतं.

"मी धरून बसलोय."

"काय?"

"ते... सगळंच. आता सोडायला पाहिजे." पुढे काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी छातीवर हात ठेवला. "इथे हलकं वाटतंय. मंगळवारी एजन्सीत जातो आणि नाव बदलून आणतो."

धारप सरांनी डोळे मिटून श्वास घेतला. गुडघे बरे झाले का हे त्यांनी विचारलं नाही.

केतकीला शेवटचा प्रश्न विचारणं भाग होतं. "हे झालंय की नाही, हे कोण बघेल?"

"तूच विचार मला."

"किती दिवस विचारू?"

"होईपर्यंत विचार."

मग सरांनी तिला काय ते सांगितलं. या वेळी खरंच सांगितलं, विचारलं नाही, कारण त्यांना पुण्याची गाडी गाठायची होती. म्हणाले, ती शांतता तू ज्या तऱ्हेने धरलीस, त्याला तोड नाही. क्लायंटमध्ये झालेला बदल तर डोळ्यांना दिसला. इतका स्वच्छ क्षण फार दिवसांत पाहिला नव्हता. ती पास होती. "फक्त एक. त्याआधीचा तुझा तो प्रश्न, हाक कोण मारायचं. तो कच्चा होता. विषय गॅसचा, आणि तू नुसती माहिती विचारलीस. क्लायंटकडून उत्तरसुद्धा आलं नाही बघ. तिथे गुण गेले."

"हो सर," केतकी म्हणाली.

"शिकशील हळूहळू," सर म्हणाले. जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही फार धाडसी आहात."

मी म्हटलं, "जिन्यात तिसरी पायरी तुटकी आहे, बघून उतरा." हा सल्ला होता, पण त्यांनी पाळला.

केतकी मागे राहिली. तिने कप विसळले, ओटा पुसला. मग दारात चप्पल घालता घालता थांबली.

"काका, मंगळवारी जाणार?"

"हे कोच विचारतेय की भाची?"

"भाची," ती म्हणाली.

"मग आधी मला पाणी दे."

तिने चप्पल काढली, आत गेली आणि पाणी आणून दिलं. मी ते पिईपर्यंत शेजारी उभी राहिली. काही विचारलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. केतकी स्वतः मेंटर कोच आहे. मुंबईची माणसं तिच्याकडे चुका काढून घ्यायला येतात. क्लायंट रडला तर पाणी द्यायचं की नाही यावरून तिचं आणि धारप सरांचं मोठं वाजलं म्हणे, त्यामुळे हल्ली ते एका व्यासपीठावर बसत नाहीत. मंदारने गॅसचा विषय सोडून दिला आणि माझ्या रक्तातल्या साखरेचा धरला. सुकदेवचेही गुडघे गेले आहेत. सिलिंडर आता त्याचा जोडीदार वर आणतो, पण हाक मारायचं काम त्याने दुसऱ्याला दिलेलं नाही.

दर मंगळवारी केतकीचा फोन येतो. "काका, झालं का?" ती विचारते. मी नाही म्हणतो. "बरं," ती म्हणते, आणि मग जेवलात का, काय केलं होतं, असलं बोलते.

गॅस अजून वैजयंतीच्या नावावर आहे.